थप्पी, विजेचं बिल आणि १८० अण्वस्त्रं: गोदामात न जाता माल मोजतात कसा?

दालबाजारी (ग्वाल्हेर) · रविवार, रात्री १०.१२

मंडळी, नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. लांबेल, सांभाळून घ्या.

परवा जेवणं आटोपून गच्चीवर बसलो होतो. महाराजपूरच्या हवाई तळाकडून एक मिराज उठलं, पाठोपाठ दुसरं. आमच्या लष्कराला (म्हणजे ग्वाल्हेरचं लष्कर, शिंद्यांच्या छावणीतून वाढलेलं शहर; बाहेरच्या वाचकांचा दर वेळी घोटाळा होतो) या आवाजाची १९८५ पासून सवय आहे. बोलणारा वाक्य तिथेच थांबवतो आणि आवाज गेला की पुढचा शब्द उचलतो. पुण्याहून आलेला भाचा मात्र दचकला. मग मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, "मामा, यात लिहिलंय भारताकडे १८० अण्वस्त्रं, पाकिस्तानकडे १७०, चीनकडे ६००. आणि ही तुमची डोक्यावरची विमानंसुद्धा हिशेबात धरलीत."

मी विचारलं, मोजली कुणी? त्याला सांगता येईना. मलाही नाही.

मी चौतीस वर्षं बँकेत होतो, त्यातली निम्मी दाल बाजारात व्यापाऱ्यांचा माल तपासण्यात गेली. मालावर कर्ज घेणारा दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देतो, आणि आम्ही गोदामात जाऊन पोती मोजतो. मोजतो म्हणजे थप्पीची लांबी, रुंदी, उंची बघून गुणाकार करतो. एका गिरणीत (नाव नको, मालक वारले, मुलं सभ्य आहेत) मी असाच चणाडाळीच्या थप्पीला गुणाकार लावून सही करून आलो. आठ महिन्यांनी खातं बुडालं तेव्हा कळलं की थप्पी आतून पोकळ होती. बाहेरून पोत्यांची एक रांग, मध्ये बांबूंचा सांगाडा. माझी एक वेतनवाढ त्या बांबूंवर गेली. तेव्हापासून मी थप्पीच्या आधी विजेचं बिल मागायला लागलो. गिरणी किती चालली, बारदाना किती आला, हमाली किती दिली. एवढी डाळ भरडली असेल तर एवढी वीज जळायलाच हवी.

आता आठ दिवस वाचतोय. १८० हा आकडा स्टॉकहोमच्या सिप्री या शांतता-संशोधन संस्थेचा, जानेवारी २०२५ चा. त्यामागचं बरंचसं काम फेडरेशन ऑफ अमेरिकन सायंटिस्ट्सच्या हान्स क्रिस्टेन्सेन आणि मंडळींचं. पानोपानी 'अंदाजे', 'बहुधा', 'असू शकेल'. माझ्या अहवालात इतके 'बहुधा' असते तर मॅनेजरने अहवाल तोंडावर फेकला असता. तरी जग हाच आकडा वापरतं.

प्रश्न एवढाच: गोदामात कुणी पाऊल ठेवू देत नसताना ही मोजणी होते कशी, आणि तिच्यावर विश्वास किती ठेवायचा? जाणकारांनी लिहावं.

---

इंदूरी जिलबी · रविवार, रात्री १०.३१

आमच्याकडे सराफ्यात रात्री अकराला किती माणसं असतात तेही कुणाला मोजता येत नाही, आणि ती तर डोळ्यांसमोर असतात. वाचतोय. चालू द्या.

---

मोरारची सून · रविवार, रात्री ११.०५

काका, पहिली पद्धत अगदी तुमच्या विजेच्या बिलाचीच आहे. मी भौतिकशास्त्र शिकवते आणि हे गणित बी.एस्सी.च्या मुलांना करायला देते. कागद-पेन्सिल पुरते.

ट्रॉम्बेची सायरस अणुभट्टी ४० मेगावॅटची. १९६० साली सुरू झाली, २०१० च्या अखेरीस कायमची बंद. ध्रुव १०० मेगावॅटची, १९८५ ची. हे मेगावॅट उष्णतेचे, विजेचे नव्हेत. अशा भट्टीत नैसर्गिक युरेनियम फार न जाळता बाहेर काढलं, तर दर मेगावॅट-दिवसामागे एक ग्रॅमच्या जरा खाली प्लुटोनियम, म्हणजे बॉम्बचा कच्चा माल, मिळतं. १०० मेगावॅट गुणिले ३६५ दिवस म्हणजे ३६,५०० मेगावॅट-दिवस. भट्टी वर्षभर पूर्ण ताकदीने चालत नाही. ६५ टक्के धरा, आणि दर मेगावॅट-दिवसामागे ०.९ ग्रॅम. वर्षाला साधारण २१ किलो.

आता दोन्ही भट्ट्यांची सगळी वर्षं जोडा. चाचण्यांत गेलेलं, कल्पक्कमच्या अणुभट्टीच्या इंधनात घातलेलं, प्रक्रियेत वाया गेलेलं वजा करा. बाहेरचे अभ्यासक ज्या आकड्यावर येतात तो म्हणजे शस्त्रयोग्य प्लुटोनियम सुमारे ६८० किलो, अधिक-उणे १६०. ते अधिक-उणे विसरू नका, सगळी गंमत तिथे आहे.

एका अस्त्राला ४ किलो धरलं तर खालचं टोक ५२० भागिले ४ म्हणजे १३०, आणि वरचं ८४० भागिले ४ म्हणजे २१०. तुमच्या भाच्याचे १८० यातच कुठेतरी बसतात. पण ४ का? नागासाकीच्या बॉम्बमध्ये सुमारे ६ किलो होतं. ६ ने भागलं तर खालचं टोक एकदम ८७ वर येतं. भाजक कुठला घ्यायचा हे भागणाऱ्याने ठरवलेलं असतं.

आणि पीठ मळलं म्हणजे पोळ्या झाल्या असंही नाही. सगळ्या प्लुटोनियमची अस्त्रं घडवली असतीलच कशावरून? म्हणून हे गणित 'याहून जास्त नसावीत' एवढं सांगतं.

---

किल्लेदार · सोमवार, सकाळी ७.२०

सगळं ठीक, पण एक विचारतो. हे लोक १९९८ साली कुठे होते? १९९५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या उपग्रहांनी पोखरणच्या अणुचाचणीची तयारी पकडली होती, त्यांच्या राजदूताने फोटो आणून दाखवले आणि चाचणी थांबली. आपल्या लोकांनी त्यातून धडा घेतला. पुढच्या खेपेला काम रात्री, उपग्रह कधी डोक्यावर येतो ते वेळापत्रक पाठ, उजाडायच्या आत यंत्रं होती तिथे परत. ११ मे ला दुपारी स्फोट झाले आणि सीआयएला ते जगाबरोबरच कळले. ज्यांना एवढा मोठा खड्डा दिसला नाही ते १८० मोजणार? मला हे आकडे म्हणजे गोऱ्यांनी आपल्याला दिलेले मार्क वाटतात.

---

कारकून · सोमवार, सकाळी ९.४८

किल्लेदार, मुद्दा बरोबर आहे, फक्त ही बडी राष्ट्रं एकमेकांच्या बाबतीतही तितकीच फसलीत. दालबाजारी काकांच्या पोकळ थप्पीची रशियन आवृत्ती सांगतो.

जुलै १९५५, मॉस्कोजवळ तुशिनोचा विमानतळ, हवाई दलाचं संचलन. नवी लांब पल्ल्याची बाँबफेकी विमानं, पाश्चात्त्यांच्या भाषेत बायसन, मान्यवरांच्या डोक्यावरून गेली. असं सांगतात की पहिली दहा विमानं नजरेआड झाल्यावर वळसा घालून आणखी काही विमानांसह परत आली, आणि खाली उभ्या अमेरिकी अधिकाऱ्यांनी अठ्ठावीस मोजली. मग कारखान्याचं क्षेत्रफळ, कामगार किती, पाळ्या किती, यावरून अंदाज बांधला गेला की काही वर्षांत शेकडो होतील. वॉशिंग्टनात 'बाँबर गॅप'चा (रशिया बाँबफेकी विमानांत पुढे गेल्याचा) ओरडा झाला.

तो विरतोय तोवर 'मिसाइल गॅप', तीच ओरड क्षेपणास्त्रांबद्दल. १९६० च्या निवडणुकीत केनेडी त्यावर बोलत होते. अमेरिकेची यू-२ हेरविमानं फोटो काढत होती, पण रशिया केवढा आणि फोटोची पट्टी केवढी! १ मे १९६० ला त्यातलं पॉवर्स या वैमानिकाचं विमान पाडलं गेलं आणि तेही बंद झालं. ऑगस्टमध्ये कोरोना नावाच्या हेर-उपग्रहाची फिल्म पहिल्यांदा परत मिळाली. (फिल्मचा डबा आकाशातून पॅराशूटने उतरायचा आणि विमान तो हवेतच आकडा लावून पकडायचं. पतंग पकडल्यासारखा.) वर्षभराने, सप्टेंबर १९६१ च्या गुप्त अंदाजात रशियाचे आंतरखंडीय क्षेपणास्त्रांचे लाँचर निघाले १० ते २५. तफावत होती खरी, पण अमेरिकेच्या बाजूने.

यातून मला जे दिसतं ते असं: कारखान्याच्या क्षमतेवरून मोजलं की आकडा फुगतो. कारण क्षमता आहे म्हणजे मालक ती पूर्ण वापरणारच, हे आपण घाबरून गृहीत धरतो.

---

दालबाजारी · सोमवार, सकाळी १०.३०

कारकून, त्या अठ्ठावीस विमानांना दंडवत. आमच्या एका व्यापाऱ्याने एकच ट्रक दोन फाटकांतून आत आणला होता, त्याची आठवण झाली. नंबरप्लेट मात्र मी लिहून घेतली होती, त्यामुळे तो वाचला नाही आणि मी वाचलो.

---

निवृत्त रडार · सोमवार, दुपारी ४.१५

मी हवाई दलात होतो. कुठे आणि काय ते सांगणार नाही, विचारू नये. खाली जे लिहितोय ते सगळं छापलेलं आहे.

दुसरी पद्धत बॉम्ब सोडून वाहन मोजायची. वॉरहेड (टोकावरचं अस्त्र) कपाटात मावतं, ते उपग्रहाला दिसत नाही. पण ते नेणारं क्षेपणास्त्र, त्याचा सायलो (जमिनीतलं काँक्रीटचं विवर), त्याची लांबलचक गाडी, गाडीची गॅरेज, पाणबुडीच्या पाठीवरची झाकणं, विमानतळावरचे बंदिस्त हँगर, हे लपवायला अवघड. २०२१ च्या उन्हाळ्यात चीनमध्ये युमेनजवळच्या वाळवंटात सायलोंचं शेत सापडलं, सुमारे १२० खड्डे. सरकारी हेरांनी नव्हे, अमेरिकेतल्या एका संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी, बाजारात विकत मिळणाऱ्या उपग्रह छायाचित्रांवरून. बांधकामावर फुगवलेले पांढरे तंबू होते, सगळे ठरावीक अंतरावर. मग हामीजवळ दुसरं शेत, तिसरं ऑर्दोसकडे.

खड्डे मोजले, पण प्रत्येकात क्षेपणास्त्र आहे का? आणि क्षेपणास्त्र असलं तर टोकावर एक अस्त्र की तीन? इथे अंदाज सुरू होतो. दालबाजारी यांच्या भाषेत, गोदामं मोजली, पोती नाही.

आता त्यांच्या गच्चीवरच्या मिराजबद्दल. सिप्रीच्या गेल्या काही वर्षांच्या तक्त्यांत भारताची ४८ विमानं अण्वस्त्रांसाठी धरली आहेत. ३२ मिराज, १६ जॅग्वार, प्रत्येकाला एक बॉम्ब. आपल्या सरकारने यातलं काहीही कधी सांगितलेलं नाही. विमान तेच असतं. १९९९ ला कारगिलवर लेसरचे बॉम्ब याच मिराजने टाकले आणि २०१९ ला बालाकोटलाही हीच गेली. विमानाकडे बघून त्याचं दुसरं काम कळत नाही. म्हणून ४८ ही मोजणी नाही, ते गृहीतक आहे. तक्ता पूर्ण दिसावा म्हणून भरलेला रकाना म्हणा.

---

सूत्रधार · सोमवार, सायं. ५.०२

चर्चा छान चालली आहे. ग्वाल्हेरकरांना विनंती: तळाच्या आसपास स्वतः काय पाहिलं, कोणतं विमान कधी उठतं, असलं काही लिहू नका. तसा प्रतिसाद आला तर विचारपूस न करता उडवला जाईल.

---

इंदूरी जिलबी · सोमवार, सायं. ५.१०

सूत्रधार, काकांनी धागाच "एक मिराज उठलं, पाठोपाठ दुसरं" असा सुरू केलाय. आता?

---

सूत्रधार · सोमवार, सायं. ५.१४

ते साऱ्या ग्वाल्हेरला ऐकू गेलंय. राहू द्या.

---

दालबाजारी · सोमवार, रात्री ९.४०

निवृत्त रडार साहेब, आभार. तुमच्यामुळे एक शोध लागला. तिसरी पद्धतही माझ्याच धंद्यातली निघाली: मालकाने स्वतः यादी द्यायची आणि आम्ही अचानक जाऊन पडताळायचं.

अमेरिका आणि रशिया यांचा २०१० चा न्यू स्टार्ट करार वाचला. तैनात अस्त्रं १,५५० पर्यंत, तैनात क्षेपणास्त्रं आणि बाँबफेकी विमानं मिळून ७००. प्रत्येक क्षेपणास्त्राला स्वतःचा ओळख क्रमांक. सहा-सहा महिन्यांनी आकडेवारीची देवाणघेवाण. वर्षाला १८ तपासण्या, त्याही ऐन वेळी कळवून. तपासनीस एक क्षेपणास्त्र निवडतो, त्याचं टोक उघडलं जातं, आत कापडाने झाकलेली अस्त्रं असतात आणि तो नुसते उंचवटे मोजतो. यजमानाने सांगितलेला आकडा जुळला की सही. मी वाचून खुर्चीतून उठलो. हे तर आमचंच काम, फक्त डाळीच्या जागी दुसरं काही!

पण मोजणीच्या नियमातही मौज आहे. बाँबफेकी विमान म्हणजे एक अस्त्र, असं त्यांनी ठरवून घेतलं. बी-५२ वीस क्रूझ क्षेपणास्त्रं नेऊ शकतं, तरी कागदावर एक. म्हणजे १,५५० हा आकडा करारापुरता खरा. आमच्याकडे ओलसर डाळीचं पोतंसुद्धा शंभर किलोचंच धरायचे.

२०२० च्या मार्चमध्ये कोविडने तपासण्या थांबल्या, २०२३ च्या फेब्रुवारीत रशियाने करारातला सहभाग स्थगित केला, आणि मुदत होती ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच. तपासनीस घरी बसला की काय होतं ते मला विचारा.

भारत-पाकिस्तानमध्ये असलं काही नाही. आहे ते एवढंच की दर १ जानेवारीला दोघं एकमेकांना आपापल्या अणुकेंद्रांची यादी देतात, त्यांच्यावर हल्ला करायचा नाही म्हणून. १९८८ चा करार, १९९२ पासून याद्या. युद्धाच्या वर्षीसुद्धा खंड पडलेला नाही. त्यात अस्त्रांचा उल्लेख नसतो, पण दोन भांडलेले भाऊबंद दिवाळीला फराळाचं ताट तेवढं पाठवतात, तसं वाटलं.

---

किल्लेदार · सोमवार, रात्री १०.२५

करार, याद्या, ठीक. पण आपण सगळे नुसते नगच मोजतोय. ताकद कशी मोजतात? शंभर तोफा आणि शंभर बंदुका सारख्या नसतात.

---

मोरारची सून · सोमवार, रात्री ११.५०

किल्लेदार, या प्रश्नाचीच वाट बघत होते. मुलांना झोपवून बसलेय, सविस्तर लिहिते.

पहिली चूक मेगाटन (स्फोटाच्या जोराचं माप) मोजायची. शीतयुद्धात एकूण मेगाटनची बेरीज छापायचे. पण स्फोटाचा जोर सगळीकडे पसरतो, वर आकाशातही, आणि खाली जमिनीवर एकाच जागी गरजेपेक्षा कितीतरी जास्त पडतो. जोर आठपट केला तर उद्ध्वस्त वर्तुळाची त्रिज्या फक्त दुप्पट होते आणि क्षेत्रफळ चौपट. म्हणून अभ्यासकांनी 'समतुल्य मेगाटन' काढले: मेगाटनचा दोन-तृतीयांश घात. एक मेगाटनचा एक बॉम्ब म्हणजे १. तोच माल १२५ किलोटनच्या आठ बॉम्बमध्ये वाटला, तर प्रत्येकाचे पाव, आठांचे मिळून २. माल तेवढाच, नासधूस दुप्पट. १९६१ चा रशियाचा तो ५० मेगाटनचा राक्षस या मापाने जेमतेम साडेतेराचा. मोठे बॉम्ब मागे पडले त्याचं एक कारण हे गणित.

साठच्या दशकात अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी याच मापात हिशेब मांडला होता: सुमारे ४०० समतुल्य मेगाटन पोचले, तर सोव्हिएत लोकसंख्येचा निदान पाव-पंचमांश आणि निम्मे उद्योग जातील, त्यापुढे घातलेल्या प्रत्येक मेगाटनचं फळ घटत जातं. हे वर्गात सांगताना माझा आवाज दर वर्षी जरा खाली येतो. खडूने लिहिलेला पाव हा अपूर्णांक असतो आणि नसतोही.

पण हे शहरांबद्दल. समोरच्याचा काँक्रीटचा सायलो फोडायचा असेल तर नेम महत्त्वाचा. नेमाचं माप सीईपी: सोडलेल्यांपैकी निम्मी अस्त्रं ज्या वर्तुळात पडतील त्याची त्रिज्या. कॅरमवर चुन्याने गोल काढून बघा, निम्म्या सोंगट्या ज्याच्या आत थांबतील तो तुमचा सीईपी. आता समजा, अस्त्र जेवढ्या अंतरावरून सायलो फोडू शकतं ते अंतर आणि सीईपी सारखेच आहेत. सायलो फुटायची शक्यता ५० टक्के. दोन अस्त्रं टाकली तर ७५. तेच एक अस्त्र ठेवून सीईपी निम्मा केला तर जवळजवळ ९४! नेम दुप्पट सुधारणं म्हणजे बॉम्ब आठपट मोठा करण्याइतकं. म्हणून प्रयोगशाळांचा पैसा बॉम्बपेक्षा जायरोस्कोप आणि ताऱ्यांवरून दिशा शोधणाऱ्या यंत्रांवर गेला.

आणि मग या ९४ ला क्षेपणास्त्राच्या भरवशाने गुणायचं. दहातली आठ नीट उडत असतील तर उरतात ७५. हा 'भरवसा' कुठून येतो? चाचण्यांतून. दोन-चार उड्डाणांतून काढलेली टक्केवारी किती पक्की, ते सांख्यिकी शिकलेल्या कुणालाही विचारा. शिवाय चाचणी ओळखीच्या मार्गावर, हवामान बघून, कसून तयारी करून होते. परीक्षेत प्रश्न आधी माहीत असल्यासारखी.

---

कारकून · मंगळवार, सकाळी ८.१०

ताई, कॅरमचं उदाहरण घरी करून पाहिलं. माझा सीईपी बोर्डाबाहेर आहे.

---

किल्लेदार · मंगळवार, सकाळी ८.४४

ताई, प्रतिसाद जपून ठेवला. आता स्फोटाच्या जोराबद्दल. १९९८ च्या थर्मोन्यूक्लियर (हायड्रोजन बॉम्बच्या) चाचणीचा जोर आपण ४५ किलोटन सांगितला. परदेशी भूकंपतज्ज्ञांचे अंदाज त्याच्या बरेच खाली. २००९ साली त्या चाचण्यांत सहभागी असलेले आपलेच शास्त्रज्ञ के. संथानम यांनी शंका घेतली. अणुशास्त्रज्ञ चिदंबरम आणि काकोडकर यांनी ती खोडली. भूकंपमापकावर एक रेघ उमटते, तिचे इतके अर्थ कसे निघतात?

---

मोरारची सून · मंगळवार, दुपारी २.०५

कारण रेघ उमटते ती खडकातून आल्यावर. रिश्टर मापन तुम्हाला माहीत आहेच, ते दहाच्या घातांत असतं. जोर आणि तीव्रता यांचं जे समीकरण वापरतात त्यात तीव्रता ०.३ ने इकडे-तिकडे झाली तर जोराचा अंदाज अडीचपट बदलतो. आणि ०.३ चा फरक नुसत्या भूगर्भाने पडतो. अमेरिकेच्या नेवाडा चाचणी-मैदानाखालचा खडक गरम, लाटा शोषणारा. कझाकस्तानात सेमिपलातिन्स्कच्या सोव्हिएत मैदानाखालचा थंड, टणक. एकाच जोराचा स्फोट तिथे मोठा दिसतो. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने रशियावर कराराची १५० किलोटनची मर्यादा मोडल्याचे आरोप केले, त्यात या फरकाचा मोठा हात होता. शेवटी १९८८ साली दोघांनी एकमेकांच्या मैदानात जाऊन, विवराजवळ केबल पुरून, एकेक स्फोट मोजला. वजनकाटा पासिंग करून घेतात तसा.

पोखरणच्या खडकाचं असं पासिंग परदेशी लोकांनी कधी केलेलं नाही. आपल्या शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की एकाच वेळी दोन विवरांत झालेल्या स्फोटांच्या लाटा काही दिशांना एकमेकींना खातात. माझं मत विचाराल तर चाचणीच्या जागेवरची किरणोत्सारी नमुन्यांची मोजणी भूकंपाच्या रेघेपेक्षा बोलकी असते, आणि तिचा सगळा तपशील बाहेर आलेला नाही. त्यामुळे मी इथे बाजू घेत नाही. घेतली तर सासरे रागावतात, ते दोन्ही बाजूंनी भांडतात.

---

कारकून · मंगळवार, दुपारी ३.३०

बाहेरून केलेली मोजणी कधी उघड्यावर तपासली गेली का, हा दालबाजारींचा मूळ प्रश्न राहून गेला. गेली. मे २०१० मध्ये अमेरिकेने स्वतःचा साठा जाहीर केला: सप्टेंबर २००९ अखेर ५,११३. क्रिस्टेन्सेन मंडळींचा अंदाज ५,१०० च्या आसपास होता. पण अमेरिका बोलघेवडा देश, कागद सुटतात, संसदेत प्रश्न विचारतात. सोव्हिएत साठ्याबद्दल उलट झालं. १९९३ साली रशियाच्याच अणुमंत्र्याने सांगितलं की शिखरावर ४५,००० होती, आणि पाश्चात्त्यांना ते प्रचलित अंदाजांहून बरंच जास्त वाटलं.

सगळ्यात नीट हिशेब जुळला तो दक्षिण आफ्रिकेचा. सहा अस्त्रं मोडली, मार्च १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष द क्लार्क यांनी संसदेत कबुली दिली, आणि आंतरराष्ट्रीय तपासनीसांनी कारखान्याची रोजची जुनी नोंदपुस्तकं काढून किती युरेनियम बनलं आणि किती उरलं ते पडताळलं. दुकान बंद केलेल्या माणसाला वह्या दाखवायला काय जातंय म्हणा.

---

निवृत्त रडार · मंगळवार, सायं. ६.२०

सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट सुटतेय, आणि माझ्या मते तीच मुख्य.

आपल्या ४ जानेवारी २००३ च्या जाहीर धोरणात लिहिलंय: आपण पहिला वापर करणार नाही. मग आपली ताकद मोजताना एकूण किती आहेत याला अर्थ कमी. समोरच्याने पहिला घाव घातल्यावर किती उरतील, त्यातली किती उडतील, किती पोचतील, हे मोजायचं. शिलकीचं गणित आहे, साठ्याचं नाही.

समजा शंभर आहेत. विमानं धावपट्टीवर सापडली तर ती वजा. गाडीवरची क्षेपणास्त्रं छावणीत उभी असतील तर त्यांतली बरीच वजा, रस्त्यावर विखुरलेली असतील तर थोडीच. इथे २०२१ पासून चाचणी होत असलेल्या अग्नी-प्राइमचं महत्त्व. ते बंद नळकांड्यात असतं, घन इंधनाचं, लवकर तयार होतं. पृथ्वीसारखं इंधन भरत बसावं लागत नाही. मार्च २०२४ मध्ये अग्नी-५ एकाहून जास्त अस्त्रं घेऊन उडालं, त्याची बातमी सगळ्यांनी वाचली. पण एका वाहनावर जास्त अस्त्रं म्हणजे ते वाहन गमावलं तर तेवढी एकदम गेली, हे गणितही त्याच कागदावर येतं.

पाणबुडीचं आणखी वेगळं. ब्रिटन आणि फ्रान्सकडे प्रत्येकी चार आहेत, म्हणून चार धरायच्या नाहीत. दुरुस्तीत एक, परतलेली एक, सरावाला एक. पाण्याखाली हमखास एक. ब्रिटनने ती एक १९६९ पासून सतत ठेवली आहे, आणि त्या एकीसाठी चार बांधाव्या लागल्या. आपली अरिहंत २०१६ ची, अरिघात २९ ऑगस्ट २०२४ ला दाखल झाली. पाणबुडीवरच्या के-१५ क्षेपणास्त्राचा पल्ला ७५० किलोमीटर, के-४ चा ३,५००. विशाखापट्टणमपासून नकाशावर पट्टी ठेवून बघा, पाणबुडीला कुठे जावं लागेल आणि किती आत. पल्ला वाढला की पाणबुडी आपल्याच किनाऱ्याजवळ लपू शकते. ताकद वाढली, वॉरहेड एकही न वाढता. १८० च्या रकान्यात हे कुठे दिसतं?

आणि शेवटचं, ज्याला तक्त्यात रकानाच नाही: हुकूम पोचणं. दिल्लीहून आदेश निघाला आणि समुद्राच्या तळाशी ऐकू गेला नाही, तर बाकी सगळ्या गुणाकाराला शून्याने गुणायचं. माझं आयुष्य हेडफोन लावून गेलं, त्यामुळे मला हे जास्त दिसत असेल. यापुढे मी लिहिणार नाही.

---

दालबाजारी · मंगळवार, रात्री ९.१५

साहेब, हे वाचून दोनदा चष्मा पुसला.

बँकेत आम्ही मालाची किंमत काढायचो, मग त्यातून 'मार्जिन' वजा करायचो: सडेल, चोरीला जाईल, भाव पडेल, जप्ती आणली तर उचलायला किती दिवस लागतील. कर्ज उरलेल्या आकड्यावर. साठ्याचा आकडा फळ्यावर लिहायला, मार्जिन वजा केलेला आकडा झोप लागायला. हे मी शिकाऊ पोरांना वर्षानुवर्षं सांगितलं, आणि भाच्याने १८० दाखवल्यावर मीच 'मोजली कुणी' एवढंच विचारलं.

भाच्याला धागा पाठवला. तो म्हणतो, "मग मामा, लेखात १८० च्या जागी काय लिहायला हवं होतं?" मी म्हटलं, १३० ते २१०, वर एक चांदणी, आणि खाली मोरारच्या ताईंचा प्रतिसाद.

---

किल्लेदार · मंगळवार, रात्री ९.५०

मी मार्क म्हणालो होतो ते मागे घेतो. अर्धं. गोऱ्यांचा भाजक मला अजून पटलेला नाही.

---

मोरारची सून · मंगळवार, रात्री १०.०२

किल्लेदार, तुमचा भाजक सांगा, आकडा मी काढून देते. :)

---

इंदूरी जिलबी · मंगळवार, रात्री १०.२०

दालबाजारी काका, आज तुमच्याकडे आवाज झाला का? किती उठली?

---

दालबाजारी · मंगळवार, रात्री १०.२४

झाला. मोजली नाहीत.